सेंबाच्या गादीवरची टाळी

आमच्या देवासात रस्त्याच्या डाव्या हाताला एक राज्य होतं आणि उजव्या हाताला दुसरं. थोरली पाती आणि धाकटी पाती. परक्या माणसाला हे सांगितलं की तो म्हातारा थापा मारतोय अशा नजरेनं बघतो. पण आमच्या ओट्यावरून पानाची पिंक टाकली तर ती परराज्यात पडायची, आणि त्यावरून एकदा दोन्ही कचेऱ्यांत खरोखरच लिखापढी झाली होती. पिंक माझी होती. तेव्हा हे मला चांगलं माहीत आहे.

मला वाढवलं काका-काकूंनी. काका धाकट्या पातीच्या दरबारातले मानकरी. समोरच्या घरात, म्हणजे परराष्ट्रात, थोरल्या पातीचे एक कारभारी राहत. दोघं एका पंतोजींच्या छड्या खाल्लेले, एका वयाचे, आणि रोज संध्याकाळी आपापल्या ओट्यावर बसून रस्त्यापलीकडे बोलणारे. बोलणं कसलं, टोचणं. एक दिवस टोचलं नाही तर दोघांनाही जेवण गोड लागत नसे.

ते दिवस स्वदेशीचे होते. इंदूरला इंग्रजांचा एजंटसाहेब बसलेला, म्हणून आमच्याकडे स्वदेशी हळू आवाजात चाले, पण चाले. दसऱ्याला माताजींच्या टेकडीवर दोन्ही पातींची माणसं जमली होती. पुजाऱ्यानं आरती लावायला काड्यांची पेटी काढली. पेटीवर परदेशी शिक्का. कारभाऱ्यांनी ती हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली आणि काकांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, “देवी आपली, तूप आपलं, वात आपली. काडी मात्र सातासमुद्रापलीकडची. धाकट्या पातीत मोठी स्वदेशी मंडळी आहेत म्हणे.”

काकांचा चेहरा लाल झाला. सगळ्यांच्या देखत ते बोलून गेले, “पुढच्या दसऱ्याला आईची आरती देवासच्या काडीनं लागेल. नाही लागली, तर मी पागोटं घालून दरबारात पाय ठेवणार नाही.”

पागोट्याशिवाय आमच्याकडे दरबारात कोणी जात नसे. म्हणजे काकांनी आपली बैठक, आपला मान, आजोबांपासून चालत आलेली ती गादीजवळची जागा एका काडीवर लावली होती. टेकडी उतरताना ते सगळ्यांच्या पुढे चालले. घरी आल्यावर पागोटं खुंटीला टांगलं आणि माझ्याकडे बघत राहिले.

त्याचं कारण असं की, मी इंदूरला कॉलेजात दोन बुकं शिकलो होतो. जपाननं रशियाला लोळवल्याची बातमी ताजी होती, आणि काड्या करायची विद्या जपान्यांकडे आहे असं वर्तमानपत्रात येत असे. तिथं जाऊन विद्या शिकायची, एक छोटं यंत्र विकत घ्यायचं आणि परत यायचं, असा काकांचा बेत ठरला. काकू तेवढी म्हणाली, “अहो, याला कोथिंबीर आणायला पाठवलं तर हा पालक घेऊन येतो. याला जपानला पाठवताय?”

काका म्हणाले, “तिथं पालक मिळत नसेल.”

संक्रांत झाली आणि मी निघालो. बोटीतला प्रवास सांगत नाही. त्यात मी बहुतेक वेळ आडवाच होतो. कोबे बंदरावर मुंबईच्या एका पेढीची शाखा होती. तिथले मुनीमजी काठेवाडी, बुटके, गोल टोपी घालणारे, तिथं बरीच वर्षं काढलेले. यंत्रासाठी आणलेले काकांचे पैसे मी त्यांच्या पेढीवर जमा केले. मुनीमजींनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि सुपारी कातरत म्हणाले, “भाई, फॅक्टरी तो गाँव के बाहर है. लेकिन फॅक्टरी का दरवाजा गाँव के अंदर है. सेंबा में.”

सेंबा म्हणजे कोबेहून आगगाडीनं तासाभरावरच्या ओसाका शहराचं पोट. चारी बाजूंनी कालवे, कालव्यांवर पूल, पुलांखालून माल भरलेल्या होड्या, आणि मध्ये पटावरच्या घरांसारखे सरळ आखलेले रस्ते. एकेका गल्लीत एकेक धंदा. औषधांच्या गल्लीत शिरलो की मला शिंका सुटत. त्या संपेपर्यंत आम्ही कापडाच्या गल्लीत पोचलेलो असू. कडेनं विटांच्या नव्या बँका उठत होत्या, तारेचे खांब उभे होते. आत मात्र काळसर भिंतींची, लाकडी जाळ्यांची बुटकी दुकानं, आणि रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण दुसऱ्याला रामरामाऐवजी विचारणार, “कमाई होते ना?” त्यावर उत्तर ठरलेलं, “चाललंय आपलं हळूहळू.” मुनीमजींनी मला याचा अर्थ सांगितला तेव्हा मला इंदूरच्या सराफ्याची आठवण आली. तिथंही तिजोरी भरून वाहत असली तरी शेटजी म्हणणार, “बस भिया, दाल-रोटी चल री है.”

मुनीमजींच्या ओळखीचे एक ठोक व्यापारी त्या कापडाच्या गल्लीत होते. त्यांच्या मेहुण्याचा काड्यांचा कारखाना. मेहुण्याकडे थेट जाऊन उपयोग नाही; आधी शेटजींनी ओळख द्यायला हवी, आणि ओळख देण्याआधी त्यांनी मला पारखायला हवं. हे सगळं समजावून मुनीमजी मला म्हणाले, “मला शेजारी एक काम आहे. ते समोरचं दुकान. तुम्ही आत जाऊन बसा, मी आलोच.”

ते परत आले तेव्हा मी रस्त्यावरच उभा होतो. दुकानाकडे पाठ करून.

“भाई, आत का नाही गेलात?”

“दारावर पडदा आहे,” मी म्हणालो.

दारावर निळा कापडी पडदा अर्ध्यापर्यंत सोडलेला होता, त्यावर पांढरं चिन्ह. आमच्या दरबारी घरांत दारावर पडदा म्हणजे आत जनाना. पडद्याकडे तोंड करून उभं राहणंसुद्धा असभ्य. म्हणून मी पाठ फिरवून, मान खाली घालून, मोठ्या मर्यादेनं उभा होतो. आत दुकानातली सगळी मंडळी जाळीतून माझी पाठ न्याहाळत होती. हा पागोटेवाला मनुष्य आपल्या दुकानावर पहारा का देतोय, ते त्यांना कळेना. मुनीमजींनी कपाळाला हात लावला. तिथं दारावरचा पडदा म्हणजे दुकान उघडं आहे, या. पडदा काढला म्हणजे बंद. मी आत शिरलो आणि पहिल्याच पावलाला त्या पडद्यानं माझं पागोटं खाली पाडलं. मला तो अपशकुन वाटला. पागोट्याच्या बाबतीत मी हळवा झालो होतो.

आत गेलो आणि परदेशात आहोत हे विसरलो. दारात जोडे काढायचे. वर चटया. बैठ्या मेजाभोवती लाकडी कठडा, त्यामागे मांडी मोडून बसलेले कारकून, मण्यांची पाटी खटाखट चालवणारे. लोड-तक्के तेवढे नव्हते. नाही तर आमच्या देवासातल्या कुठल्याही पेढीवर बसल्यासारखं वाटलं असतं. शेटजी साठीच्या आसपासचे, बारीक, करड्या कपड्यातले. त्यांच्यापुढे राखेनं भरलेली शेगडी. विचार करायचा झाला की ते पितळेच्या एका छोट्या उलथन्यानं ती राख सारवल्यासारखी सपाट करीत. आमच्याकडे माणसं मिशीला पीळ देतात, तसं.

मुनीमजींनी माझं काम सांगितलं. शेटजींनी राख सपाट केली आणि चहा मागवला. हिरवा, बिनदुधाचा, बिनसाखरेचा. माझ्या जिभेला तो कडुनिंबाच्या धाकट्या भावासारखा लागला. पण पाहुणचार म्हणून प्यालो. कप रिकामा झाला की ते भरीत. कप भरला की मी रिकामा करी, कारण पानात टाकायचं नाही ही काकूची शिकवण. पुढे मुनीमजींनी सांगितलं की पुरे झालं असेल तर कप भरलेलाच ठेवायचा असतो. तोवर शेटजींच्या घरात समज झाला होता की हिंदुस्थानात पाणी नाही.

असा मी रोज जाऊ लागलो. बसायचं, चहा घ्यायचा, हसायचं, उठायचं. काड्यांचा विषय निघाला की शेटजी राख सपाट करीत. मला त्याचं काही वाटत नसे. दरबारी माणसाला ताटकळण्याचा सराव असतो. आमच्या कचेरीत एका सहीसाठी माणसं नातवंडांची लग्नं उरकून येत. शिवाय त्या गल्लीचा मला लळा लागला होता. सकाळी दुकानापुढे पाणी शिंपडलं की मातीचा वास यायचा. समोरचा दुकानदार येऊन शेटजींना काहीतरी बोलायचा, शेटजी मान वर न करता उलट काहीतरी म्हणायचे आणि दोघेही हसू दाबायचे. मी मुनीमजींना विचारलं, काय बोलतात? ते म्हणाले, “रोज भांडतात. एकाचा पडदा दुसऱ्यापेक्षा बोटभर लांब आहे म्हणून.” मला आमचा ओटा डोळ्यांपुढे दिसला.

दसरा मात्र माझी वाट बघत थांबणार नव्हता. काकांची पत्रं येत; त्यांत एक ओळ नेमकी असे: “समोरचे विचारीत होते.” बाकी सगळी खुशाली.

वैशाख-ज्येष्ठाच्या सुमाराला कालव्यांवर डास झाले. असे डास मी नर्मदेकाठीही पाहिले नाहीत. मी गादीवर बसलो की सगळे सेंबा सोडून माझ्याकडे येत. एके दिवशी मी चहाच्या कपाच्या बुडानं गुडघा खाजवत होतो. मुनीमजी तंबाखू आणायला बाहेर गेले होते. शेटजींनी माझ्याकडे पाहिलं, राख सपाट न करता आत काहीतरी सांगितलं, आणि दोन माणसांनी मागच्या खोलीत एक मच्छरदाणी टांगली. मच्छरदाणी कसली, हिरव्या जाळीची खोलीच. कडेनं लाल पट्टी. चार कोपरे चार कड्यांना. शेटजींनी हातानं खूण केली, आत बसा.

मी आत गेलो आणि चक्क आडवा झालो. जाळीतून दिसणारं सगळं जग हिरवंगार. शेताच्या मधोमध झोपल्यासारखं. डास बाहेर, मी आत. इतक्या दिवसांत मला असं सुख मिळालं नव्हतं. मी मान डोलावली. आमचं मान डोलावणं तुम्हाला माहीत आहे. त्यात हो असतं, वा असतं, आणि काहीच नाही असंही असतं. शेटजींनी जाळीचं कापड चोळून दाखवलं. मी डोलावली. लाल पट्टी दाखवली. पुन्हा डोलावली. मग त्यांनी जाळीखालून मण्यांची पाटी आत सरकवली, त्यावर काही मणी मांडून, आणि नम्रपणे वाट बघत बसले.

मी समजलो की हा त्यांचा काही रिवाज असावा. मणी म्हटल्यावर मला जपमाळच आठवणार. मोठ्या माणसानं माळ पुढे केली तर एक मणी ओढून परत द्यावी, तशा भावनेनं मी एक मणी वर सरकवला आणि पाटीला हात लावून तो कपाळाला लावला.

शेटजी एकदम सरळ बसले. त्यांनी पाटी पाहिली, मला पाहिलं, पुन्हा पाटी पाहिली. हाक मारली. कारकून उठून आले, आतून शेटजींच्या पत्नी आल्या, समोरचा तो भांडकुदळ दुकानदारही आला. मी जाळीतून बाहेर येऊन उभा राहिलो. सगळे गोलाकार उभे. शेटजींनी दोन्ही हात छातीपुढे धरले, काहीतरी लयीत म्हणाले, आणि सगळ्यांनी एकसाथ टाळ्या वाजवल्या. टाळी, टाळी. थांबून पुन्हा टाळी, टाळी. मग शेवटी घाईघाईत तीन.

आता तुम्हीच सांगा, आमच्या घरात वाढलेला माणूस काय करील? आरतीला हात बांधून उभं राहिलं की काकांचं कोपर बरगडीत बसत असे. लहानपणापासून माझ्या कानाला आणि हाताला एकच शिकवण, की माणसं गोल उभी राहून लयीत टाळ्या वाजवत असतील तर आपणही वाजवायच्या. देव कुठला ते नंतर बघू. मी वाजवल्या. एवढंच नाही, त्यांच्या थांबल्या तरी माझ्या चालूच होत्या. डोळे मिटलेले, पाय ठेक्यात. कोणीतरी हसलं म्हणून डोळे उघडले. शेटजी कमरेत वाकून नमस्कार करीत होते. मीही वाकलो. ते आणखी वाकले. मीही.

तेवढ्यात मुनीमजी तंबाखू चोळत दारात आले. शेटजींशी बोलले. त्यांच्या तळहातावरची तंबाखू तशीच राहिली.

“भाई, तमे शुं कर्युं?” ते म्हणाले. हिंदी विसरण्याइतकं काहीतरी झालं होतं.

“मी काय केलं? आरती केली.”

“तुम्ही मच्छरदाण्या घेतल्या. तोच यांचा माल. शेटजींनी विचारलं एवढ्या घेणार का, तर तुम्ही पुढच्या स्थानाचा मणी सरकवून आकडा दसपट केलात.”

मी मटकन चटईवर बसलो. “पण कागद कुठं आहे? सही कुठं आहे?”

मुनीमजी माझ्या शेजारी बसले. “सेंबा में कागज नहीं होता, भाई. टाळी होते. कागद असता तर फाडला असता. टाळी कशी फाडणार?”

काकांचं पागोटं माझ्या डोळ्यांपुढे खुंटीवरून खाली पडलं. यंत्राचे पैसे जाळीत गेले होते. मी मुनीमजींना म्हटलं, यांना खरं सांगा. आमच्याकडे टाळ्या कशाला वाजवतात ते सांगा, काका सांगा, पागोटं सांगा, सगळं सांगा. मुनीमजी बराच वेळ सांगत होते. मधे त्यांनी डोक्यावरची टोपी काढून जमिनीवर ठेवून दाखवली, म्हणजे पागोट्याचा भाग आला असावा. शेटजी गंभीरपणे ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला. मुनीमजींनी तो मला सांगितला.

“विचारतात, तुमच्या देवाशी रोज टाळी वाजवता, तर सौदा कशाचा होतो?”

मी मुनीमजींकडे पाहिलं. मुनीमजींनी टोपी उचलून पुन्हा डोक्यावर घातली.

शेटजींनी राख सपाट केली. मग जे बोलले ते मुनीमजींनी असं सांगितलं: सौदा फिरत नाही. तो फिरवला तर समोरचा दुकानदार आयुष्यभर त्यावरून हसेल. पण कालपर्यंत हा मनुष्य पाहुणा होता, आज गिऱ्हाईक झाला. गिऱ्हाइकाचं काम अडू देणं या घरात चालत नाही. यंत्र नसलं तर नसलं, उद्या मेहुण्याकडे जाऊन हातानं काड्या करायला शिकू दे. आणि त्यांनी पुन्हा हात छातीपुढे धरले. टाळी, टाळी.

मी हात पाठीमागे बांधले होते. मुनीमजींनी ते सोडवून पुढे आणले. “ही वाजवा. ही फुकट आहे.”

इतक्या आठवड्यांच्या चहानं जे झालं नव्हतं ते एका मूर्खपणानं झालं. कारखान्यात मी लाकडाच्या ढलप्या काढायला शिकलो, काड्या चौकटीत बसवायला, पेट घेणाऱ्या मसाल्यात बुडवायला, सावलीत वाळवायला. दोनदा स्वतःची भुवई जाळली. निघायच्या दिवशी शेटजी कालव्याच्या पुलापर्यंत चालत आले, समोरचा दुकानदारही आला, आणि दोघं तिथंही एकमेकांना काहीतरी बोलून हसू दाबत उभे राहिले. होडी वळेपर्यंत ते पुलावर दिसत होते.

मी काकांना आधीच लिहून टाकलं होतं: “यंत्र येत नाही. मच्छरदाण्या येत आहेत. विद्या माझ्यापाशी आहे.” उत्तर आलं नव्हतं.

श्रावणात मी परतलो. समुद्र ओलांडल्याचं प्रायश्चित्त म्हणून काकूनं आधी नेमावरला नेऊन नर्मदेत बुचकळून काढलं. देवासात पोचलो त्याच्या पाठोपाठ इंदूरहून आग्रा रोडनं बैलगाड्या आल्या, एकीमागं एक. पुढचा गाडीवान दारात उतरून म्हणाला, “भिया, इणमें कई है? हलको है ने जगा घणी रोके.” वजनाला हलकं, पण जागा फार अडवतं, अशी त्याची तक्रार. मी सांगायच्या आत गाड्यांची रांग आमच्या दारातून वळून समोरच्या राज्यात शिरली होती. कारभारी ओट्यावर आले. एक गठ्ठा उसवून त्यातून हिरवी जाळी लोंबत होती.

“वा,” ते काकांना म्हणाले. “काड्या बऱ्याच मोठ्या केल्यात. आणि मऊ.”

काकांनी मला ओटीवर बसवलं आणि सगळी हकिकत ऐकली. टाळीचा भाग आला तेव्हा त्यांनी विचारलं, “किती वेळ वाजवत होतास?”

“ते थांबल्यावरसुद्धा.”

“डोळे मिटून?”

“हो.”

काकांच्या खांद्याला हिसका बसला. मला वाटलं रडतायत. ते हसत होते. पण लगेच थांबले आणि खुंटीकडे पाहू लागले. “दसऱ्यापर्यंत होईल?” एवढंच विचारलं.

काकूनं परसदारी जागा दिली, सोवळ्यापासून लांब. मसाला मुंबईहून आणलाच होता. लाकूड सेमलाचं, म्हणजे आपल्या सावरीचं. पण श्रावण-भाद्रपदाची हवा, काड्या वाळेनात. पहिल्या घाण्यातली काडी ओढली की नुसता धूर. दुसऱ्यातली काडी पेटायची ती भलतीकडे, म्हणजे मी ओढून ओढून थकलो आणि खाली ठेवली की पेटायची. काका रोज सकाळी संध्या आटोपून परसात येत, एक काडी ओढत, आणि कचेरीत जात. समोरून रोज आवाज येई, “काय, उजेड पडला का?” काका म्हणत, “पडेल, पडेल. तुमच्याकडे सवयीनं उशिरा दिसतो.” पण रात्री ते पागोटं खुंटीवरून काढून उगाच झटकून परत ठेवीत. मी ते पाहत असे.

इकडे मच्छरदाण्यांनी घर भरलं होतं. काकू त्यांत पापड वाळवी. धारला काकांच्या मेहुण्याकडे मोठा गणपती बसे. त्यांनी मांडवाला नेल्या, आणि हिरव्या मांडवाची धारमध्ये इतकी वाहवा झाली की मागणी येऊ लागली. काकांनी टेकडीवर नवरात्रासाठी माताजींच्या पुढे मांडव घातला, तोही मच्छरदाण्यांचा. पाऊस सरला होता आणि डासांचा जोर होता. भजनाला बसलेली माणसं प्रथमच न खाजवता बसली. काड्यांचे तीन घाणे फुकट गेले, पण नवरात्राच्या आधीच, पितृपक्षाच्या कोरड्या उन्हात, एक घाणा बरा साधला होता. मूठभर काड्या धड निघाल्या.

दसऱ्याच्या संध्याकाळी टेकडीवर वारा सुटला. दोन्ही पातींची माणसं जमली. पुजाऱ्यानं निरांजन पुढे केलं. काकांनी पागोटं सारखं केलं, माझ्या हातातून डबी घेतली आणि काडी ओढली. पेटली आणि वाऱ्यानं विझली. दुसरी विझली. तिसरी तर पेटलीच नाही. डबीत थोड्याच काड्या होत्या आणि त्यांतल्या कुठल्या खऱ्या, कुठल्या खोट्या, ते मला, त्यांच्या कर्त्यालाही, सांगता आलं नसतं. काकांनी डबी कानाशी धरून हलवून पाहिली.

तेव्हा कारभारी पुढे आले. मांडवाच्या बाजूची एक मच्छरदाणी त्यांनी ओढून सोडवली, चारपदरी केली आणि एक टोक स्वतः धरून वाऱ्याच्या बाजूला उभे राहिले. दुसरं टोक माझ्याकडे फेकलं.

“धर रे. जपानला जाऊन आलायस ना?” मग काकांना हळूच म्हणाले, “ओढा तुम्ही. आधी पेटू द्या, मग मी हसतो. तुम्ही दरबार सोडून घरात तोंड लपवून बसलात तर मी संध्याकाळी कोणाला बोलू?”

काकांनी ओढली. यावेळी काडी अशी भडकली की वात लागली, दुसरी वात लागली, आणि कारभाऱ्यांच्या हातातल्या जाळीचं टोकही लागलं. पुजाऱ्यानं तांब्यातलं तीर्थ त्यावर ओतलं. कारभारी जळका कोपरा झटकत, भिजलेल्या अंगरख्यानं उभे राहिले आणि म्हणाले, “काडी चांगली आहे हो. नुसती आरतीच नाही लावत.”

काकांचं पागोटं जागच्या जागी होतं. आरती सुरू झाली. घंटा, झांजा, दोन्ही राज्यांच्या टाळ्या एका लयीत. मी हात पाठीशी बांधून उभा होतो. बरगडीत कोपर बसलं.

“वाजव,” काका म्हणाले. “इथं कोणी काही विकत नाहीये.”

मी वाजवली. पण एक डोळा उघडा ठेवून.